कॉफीचा बंब

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी त्यातली दुसरी ऐकली.

पहिली अशी, की तुमच्या बायकोचा दमा मिरचीच्या धुळीचा आहे, तेव्हा एक तर मिरची घरापासून लांब न्या, नाही तर बाईंना मिरचीपासून लांब ठेवा. दुसरी अशी, की तोवर धाप लागली तर गोळीबरोबर गरम, कडक, बिनदुधाची कॉफी देत जा, थोडा आराम पडतो. पहिली गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. दुसरी जाता जाता, ओट्यावर चपला घालताना सांगितली. ते गल्लीच्या वळणाला पोचायच्या आत मी कॉफीच्या विचाराला लागलो होतो.

आता स्वतःचा राग येतो, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारला आमचा मिरचीचा व्यापार, वडिलांपासूनचा. वडील गेले तेव्हा मी पंचविशीत होतो, आणि ते हातात देऊन गेले ती एक पथारी. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. इतरांच्या पथाऱ्या गावाबाहेर होत्या, आमची मात्र घराला लागून. मागचं दार उघडलं की पाऊल मिरचीतच पडायचं. वडिलांना त्याचा अभिमान होता आणि मलाही. न्याहारी करता करता माल दिसतो, पावसाचं सावट आलं तर ताटावरून उठून धावता येतं, बाया देठ खुडताना गप्पा मारतात की काम करतात तेही कळतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मागचं अंगण लालभडक असायचं. पोती भरताना, तुडवताना जो खकाणा, तिखट धुरळा, उडायचा त्याची आम्हाला इतकी सवय, की घरात कुणी शिंकलं तर पाहुणा आला असेल असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

माझी बायको अशी पाहुणी होती. प्रकाशा गावाच्या पलीकडचं, तापीकाठचं तिचं माहेर. कापूस, केळी, आणि नदीवरून येणारा वारा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती नुसती शिंकायची. तिसऱ्या वर्षी खोकला लागला, चौथ्या वर्षी धाप. धाप लागली की दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसायची, खांदे वर यायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि छातीतून बारीक शिट्टी वाजायची. माहेरी गेली की चार दिवसांत शिट्टी बंद. परत आली की आठ दिवसांत सुरू. हा पुरावा दरवर्षी माझ्यापुढे यायचा आणि दरवर्षी मी म्हणायचो, माहेरी कुणाला बरं वाटत नाही?

आमच्या घरात कॉफी म्हणजे आईच्या हातची. दूध आटवायचं, साखर घालायची, जायफळ किसायचं आणि कॉफीची चिमूट टाकायची, तीही दुधाला रंग येण्यापुरती. डॉक्टरांनी ती एकदा चाखली आणि हसले. म्हणाले, ही कॉफी नव्हे, ही खीर. नवापूरकडे पुलाच्या कामावर आलेल्या एका परदेशी इंजिनीअरला तपासायला ते गेले होते, त्याच्याकडे कॉफीचं एक यंत्र त्यांनी पाहिलं होतं. "घोटभरच येते, पण चार कपांचा अर्क असतो," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ती गप्पांतली गोष्ट होती. माझ्या डोक्यात मात्र ते यंत्र जाऊन बसलं.

तो इंजिनीअर काम संपवून मायदेशी निघालाय आणि सामान विकतोय असं कळलं, तसा मी सकाळच्या गाडीनं नवापूर गाठलं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यानं खुर्च्या, पेट्या, मच्छरदाणी असं सगळं मांडलं होतं. कोपऱ्यात ते यंत्र. हातभर उंच, तांब्याचं पोट, वर पितळेची टोपी, पुढे हातपंपासारखा दांडा. मी बोट दाखवलं. त्यानं मान हलवली, हात हलवला, दांडा वरखाली करून दाखवला, तोंडानं फुस्स असा आवाज केला. मी म्हटलं, असू दे, असू दे. ते यंत्र बंद आहे असं तो मला जीव तोडून सांगत होता, हे परतीच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याऐवजी मला उत्साहच आला. पाण्याचं इंजिन असो, सायकल असो, वजनकाटा असो, उघडून परत बसवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. व्यापार वडिलांनी गळ्यात बांधला होता, हे माझं स्वतःचं होतं.

आईनं यंत्र पाहिलं आणि नाव ठेवून टाकलं. "हाऊ ते बंब शे!" नाव चुकीचं नव्हतं. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब घरोघरी होताच, हा त्याचा लहान भाऊ. त्याचं काम मी चित्रं पाहून समजून घेतलं. त्याच्याबरोबर परक्या भाषेतलं एक चोपडं होतं, अक्षरं कळत नव्हती पण आकृत्या नीट होत्या. पोटात पाणी तापून वाफ कोंडणार. दांडा वर केला की गरम पाणी पुढच्या नळकांड्यात येणार. दांडा दाबला की आतला दट्ट्या ते पाणी कॉफीच्या भुकटीतून जोरानं रेटणार आणि खालच्या तोटीतून काळा अर्क कपात पडणार. शेवटच्या आकृतीत कपावर सोनेरी फेसाची साय काढली होती. ती साय दिसेल त्या दिवशी माझी बायको मोकळा श्वास घेईल, असं काहीसं मी मनाशी ठरवून टाकलं. श्रावण होता. मिरची यायला अडीच-तीन महिने होते. तेवढ्यात हे झालंच पाहिजे असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि बायकोलाही.

ती म्हणाली, "करा."

पहिला दोष सोपा होता. पाणी तापवणारी विजेची तार आत जळून कोळसा झाली होती. तसली तार मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, विजेचं लोढणं हवंच कशाला, खाली पंपाचा स्टोव्ह ठेवू. बूड कापून तार काढून टाकली आणि तांबटाकडून तांब्याचा पत्रा बसवून घेतला. त्यानं घागरी-हंड्यांना लावतो तसा कथलाचा डाक लावला. मी ओट्यावर स्टोव्ह पेटवला, आई आणि बायको दारात उभ्या राहून पाहत होत्या. पाणी उकळायला लागलं, कथील वितळलं, बूड सुटलं आणि सगळं पाणी स्टोव्हवर. स्टोव्ह विझला, ओटा भिजला, आई आत निघून गेली. तांबटाला मी वाट्टेल ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेठ, खाली जाळ लावनार हाई तुम्ही माले सांगं व्हतं का?" नव्हतं सांगितलं. दुसऱ्यांदा त्यानं पितळेचा पक्का डाक दिला, आणि तो शेवटपर्यंत टिकला.

दुसरा दोष पोटातला. वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी उकळून आत पांढरा खडा धरला होता, बंबात धरतो तसाच. बारीक नळी तर पुरती बुजलेली. आईनं वर्षाची चिंच भरून ठेवली होती. मी तिच्यातली अर्धी कोळून आत ओतली, उकळली, रात्रभर ठेवली, ओतून टाकली, पुन्हा उकळली. तिसऱ्या वेळी पाण्याबरोबर अंड्याच्या कवचासारखे तुकडे बाहेर पडले. मी ते ताटलीत घालून बायकोला दाखवायला नेले. ती तेव्हा बरी होती, हंगाम लागायचा होता. ताटलीकडे बघून तिनं विचारलं, "हाई सगळं त्याना पोटमा व्हतं?" हो म्हटलं. "मंग बिचारा श्वास कशा लिई?" असं म्हणून ती हसली. मीही हसलो. यंत्राविषयी तिला आस्था वाटायला लागली म्हणून मला बरं वाटलं.

तिसरा दोष सगळ्यात चिवट. दट्ट्याभोवतीचा रबरी वायसर वाळून तडकला होता, दांडा दाबला की पाणी खाली जायच्या ऐवजी वर माझ्या तोंडावर. सायकलच्या ट्यूबचा कापून घातला, तो गरम होऊन चिकट झाला आणि कॉफीला पंक्चरच्या दुकानाचा वास यायला लागला. मग चामड्याचा घातला. चांभाराकडून वाटीच्या आकाराचा करून घेतला, दोन दिवस शेंगदाण्याच्या तेलात भिजवला. तो बसला चपखल. पण आईनं हात जोडले. चामडं लावलेली वस्तू ती स्वयंपाकघरात येऊ देईना. मी म्हटलं, शेतावर मोटेचं पाणी पितेस ना, मोट कसली असते? त्यावर ती म्हणाली, मोट शेतमा ऱ्हास, चुल्हापान नई ऱ्हात. यंत्र ओट्यावरच राहिलं आणि मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या करमणुकीचा विषय झालो.

कॉफीचे भाजलेले दाणे सुरतेहून मागवले. दळायला मिरची कुटायच्या डंक्यावर द्यायचा गाढवपणा मी केला नाही, एवढी अक्कल शाबूत होती. घरच्या जात्यावर आधी मूठभर ज्वारी फिरवून मग दाणे दळले. जाड पडले तर पाणी भसकन निघून जायचं, बारीक पडले तर दांडा हलायचा नाही. या सगळ्यात दसरा गेला, दिवाळी गेली. पथारीवर मिरची पसरली गेली आणि बायकोची शिट्टी सुरू झाली. सकाळी मी माल बघायचो, दुपारी बंब. एकदा ती ओट्याच्या कडेला उशीला टेकून बसली होती. यंत्रातून कुठूनतरी वाफेची बारीक शीळ येत होती आणि मी कान लावून लावून ती जागा शोधत होतो. ती म्हणाली, "बंबनी शिट्टी तुम्हले बराबर ऐकू येस. मन्ही नई येस." मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर चाललंय. हे मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.

त्याच सुमाराला तिचा भाऊ आला. वयानं माझ्यापेक्षा मोठा, शेतकरी, मोजकं बोलणारा. तो बहिणीला न्यायला आला होता, होळीपर्यंत. तिनं आधीच लुगडी घडी करून ठेवली आहेत असं आई मला हळूच म्हणाली. मी मेहुण्याला ओट्यावर बसवलं आणि यंत्र दाखवायला लागलो. वायसर, चिंच, पितळेचा डाक, सगळं. आज तुम्हाला पहिला कप, मग बोलू, म्हटलं. स्टोव्ह पेटवला आणि तेवढ्यात मिरचीची गाडी आली म्हणून मागे गेलो. परत आलो तर पाणी उकळून वाफ तयार. दांडा ओढला, दाबला. कपात जे पडलं त्यावर सोनेरी, जाड, सायीसारखा फेस! चोपड्यातल्या आकृतीसारखा हुबेहूब. मी कप वर धरून गल्लीला दाखवला. मेहुण्यानं तो पिऊन मान डोलावली, चांगली शे म्हणाला.

मग त्यानं बहिणीचा विषय काढला. मी अंगठ्यानं यंत्राकडे दाखवलं आणि म्हटलं, आता न्यायची गरज काय? औषध घरीच आलंय. बायको दाराआड उभी होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं. बहिणीच्या घरी वाद घालायचा नाही अशा वळणाचा माणूस, उठला आणि संध्याकाळच्या आत गेला. घडी केलेली लुगडी परत पेटीत गेली. त्या रात्री तिला कुणी काही विचारलं नाही, मी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी बंब बंद. वाफ येईना, दांडा हलेना, आणि वरून असा आंबूस-करपट वास, की डोकं उठावं. माझी खात्री पटली की चामडं सडलं. चांभाराला बोलावून सुनावलं, वायसर बदलला. वास तसाच. चिंचेचा चोथा राहिला असेल म्हणून पुन्हा चिंच उकळली, तर आतून दह्यासारखे गोळे यायला लागले. डाकात काही भेसळ असेल म्हणून तांबटाकडे गेलो, त्यानं दुकानाच्या पायरीवरूनच हात जोडले. पाणी बदललं, विहीर बदलली. आठ दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. नवव्या दिवशी सुरतेला जाऊन नवी नळी आणतो म्हणून पिशवी भरली, तेव्हा आई पुढे आली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

"सुरत कसाले जास? दूध शे त्यामा."

"कसलं दूध?"

"मी टाकं. बिनदूधनी कापी पाव्हनाले कशी देवानी? सूनना भाऊ शे तो. घरमा दुभती म्हैस, आनि त्याले कोरं पानी पाजू?"

मी मागे गाडीकडे गेलो तेवढ्यात तिनं वरची टोपी उघडून शेरभर दूध पाण्यात ओतलं होतं. माझा तो सोनेरी फेस म्हशीच्या दुधाचा होता. दूध पोटात करपून खवा झाला आणि नळीत जाऊन बसला. चांभार, तांबट, चिंच, विहीर, सगळे निर्दोष. मला इतका संताप आला की भरलेली पिशवी मी खाली आपटली. पण आई खाली मान घालून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत अपराधापेक्षा प्रश्न जास्त होता: यात माझं चुकलं काय? बायको आतून हे ऐकत होती. ती हसायला लागली, हसता हसता खोकला, खोकता खोकता धाप. आम्ही दोघंही तिच्याकडे धावलो आणि दुधाचा विषय तिथंच संपला.

नळी सायकलच्या आऱ्यानं कोरून साफ केली. पोट राखेनं, सोड्यानं, पुन्हा चिंचेनं धुतलं. आणि पौषात एका दुपारी, अगदी साधेपणानं, यंत्र चाललं. कुठं गळती नाही, शीळ नाही. घोटभर काळी कॉफी आणि तिच्यावर पातळ, तांबूस फेस, यावेळी खरा. मी एकटाच ओट्यावर होतो. ती कॉफी मी स्वतः प्यायलो. कडू जहर, पण मला अमृत वाटली.

त्यानंतर चारच दिवसांनी तो दिवस आला. मागे पोती भरायचं काम जोरात होतं, बाहेरगावच्या गाड्या लागल्या होत्या, आणि वारा घराकडे फिरला होता. मी पथारीवरून काही कामासाठी घरात आलो, तर ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर रोवून. ओठांचा रंग बदललेला. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आईनं गोळी दिली होती. मी ओट्यावर धावलो. स्टोव्हला पंप मारला. पाणी तापेपर्यंत, वाफ धरेपर्यंत जो वेळ गेला तो मला किती वाटला ते सांगता येत नाही. पण यंत्रानं दगा दिला नाही. दांडा लोण्यासारखा उतरला. मी तो कप दोन्ही हातांत धरून आत नेला, तिच्यापुढे बसलो आणि एकेक घोट पाजला.

हळूहळू, फार हळूहळू, खांदे थोडे खाली आले. ओठांना रंग आला. मी रडायच्या बेतात होतो, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, छाती फुगलीही होती. मी विचारलं, "कशी झालीय?"

ती बोलू शकत नव्हती. तिनं मान वळवली, माझ्यामागे बोट दाखवलं आणि दोन श्वासांत मिळून म्हणाली, "दार... लाई ल्या."

मी मगाशी घाईत आलो होतो ते मागचं दार सताड उघडं टाकून. उठलो, दार ओढलं. ते पुरतं लागेना म्हणून खाली वाकलो आणि पाहिलं. उंबऱ्याच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून, शिवून, लांब गुंडाळी करून बसवलेल्या होत्या. त्यातली अर्धी माझ्या पायानं उखडून आत आली होती. चौकटीच्या दोन्ही अंगांना तशाच चिंध्या, पिठाच्या खळीनं चिकटवलेल्या. फळ्यांच्या प्रत्येक सांध्यात कापसाची वात कोंबलेली, चाकूच्या टोकानं कोंबावी तशी नीट. मी खिडकीकडे गेलो. तिथंही तेच. कौलाच्या खालच्या झरोक्यातसुद्धा. त्या झरोक्यापर्यंत हात पोचवायला तिला कशावर तरी चढावं लागलं असणार, तिच्या त्या छातीनं. मग मला आठवलं की दार अडकतं म्हणून वैतागून मी त्या उंबऱ्यावरच्या चिंध्या निदान तीनदा उपटून अंगणात फेकल्या होत्या, घरात काय चिंध्यांचा पसारा करून ठेवता म्हणून ओरडलोही होतो. दर वेळी दुसऱ्या दिवशी तिथं नवी गुंडाळी असायची, आणि ती कोण करतं, कशासाठी करतं, हा प्रश्न मला पडला नव्हता. मी ओट्यावर बसून पाच महिने एका भांड्याची गळती शोधत होतो. त्याच पाच महिन्यांत, त्याच घरात, ती दुसरी गळती शोधत होती, एकटी, हातात चिंध्या आणि खळ घेऊन.

मी परत तिच्यापुढे येऊन बसलो. म्हटलं, "पुढच्या हंगामाला पथारी गावाबाहेर नेतो. आईची शपथ."

तिनं डोळे उघडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशीही तिनं मागितलं नाही, नुसतं विचारलं, "पुढला कसाले? आज काय शे?"

आज काय होतं? गाड्या उभ्या होत्या. निम्मी पथारी ओली होती. ओली मिरची ढिगानं उचलली की तापते, काळी पडते, हंगामाच्या भरात कुणी शहाणा माणूस तिला हात लावत नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं. तिच्या ओठांकडे पाहिलं आणि ते गिळलं. मी पुढच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घालून पथारीवर गेलो आणि पोती भरणं थांबवा म्हणून सांगितलं. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या. त्यातल्या एका म्हातारीनं फडकं खाली ओढलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही.

पथारी उठायला तीन दिवस लागले. धुळ्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या माणसाची पडीक जमीन होती, तिथं माल नेला. ओली मिरची काळी पडायची ती पडलीच. बाजारात माझं हसं झालं, बायकोच्या शिंकेपायी शेठनं पथारी उचलली म्हणून. मागच्या अंगणात आईनं शेणानं दोनदा सडा घातला. तिथली माती किती तरी दिवस लाल दिसायची.

तिचा दमा पुरता गेला असं मी म्हणणार नाही. गाव मिरचीचं, आणि वारा कुणाच्या दाराशी थांबत नाही. पण त्या पौषात, पथारी उठल्यावर आठ-दहा दिवसांनी, मी दुपारी जेवायला घरी आलो तर आई मधल्या खोलीच्या दारात ताठ उभी. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं, पण तिचा चेहरा पांढराफटक होता. आत बायको चटईवर आडवी होती. दिवाळीपासून ती उशांची रास करून बसूनच झोपायची, पाठ जमिनीला लावलीच नव्हती. आज सपाट पडली होती, हात पसरून, तोंड किंचित उघडं. आणि खोलीत आवाज नव्हता, तो रोजचा बारीक आवाज.

आई माझ्याआधी आत गेली, गुडघ्यावर बसली आणि सुनेच्या नाकापुढे हाताची पाठ धरली. किती वेळ धरली कुणास ठाऊक. मग माझ्याकडे वळून, रडवेल्या आवाजात, कुजबुजत म्हणाली, "निजेल शे रे. नुसती निजेल शे."